पाणउतारा : एका शब्दातले पाणी

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कमलनगर हा तेव्हा स्वतंत्र तालुका झालेला नव्हता. औराद तालुक्यातले, बिदरहून भालकीमार्गे उदगीरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक मोठे गाव, एवढीच त्याची ओळख होती. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवीत होतो. चाचणी परीक्षेत पाच वाक्प्रचार दिले होते. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा. त्यांतला एक होता ‘पाणउतारा करणे’. जवळच्या तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीने उत्तर लिहिले होते ते असे : अर्थ, पाण्याची घागर डोक्यावरून खाली उतरवणे, वाक्य, आई विहिरीवरून आली तेव्हा मी दारातच तिचा पाणउतारा केला.

उत्तरपत्रिका परत देताना मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. कोणी तरी मागून ‘आईचा पाणउतारा’ असे पुन्हा म्हणाले आणि हशा दुप्पट झाला. मुलीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. त्या दिवशी माझ्या मनात अपराधाची भावना वगैरे काही नव्हती, हे कबूल केले पाहिजे. शिक्षकाला असे नमुने जपून ठेवायची खोड असते. स्टाफरूममध्येही मी तो सांगितला. तेथे कन्नड शिकवणारे माझे एक सहकारी हसले नाहीत. ते म्हणाले, “सर, चूक कुठं आहे? पाण म्हणजे पाणी, उतारा म्हणजे उतरवणं. तिनं लिहिलं तेच होतंय की. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ अपमान कसा झाला, ते सांगा.”

मला सांगता आले नाही. साहित्यातली डॉक्टरेट खिशात होती आणि एका रोजच्या शब्दाची फोड मी कधी करून पाहिली नव्हती. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

शब्दाचा पहिला अवयव सोपा आहे. संस्कृत ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे. त्याचे प्राकृतात ‘पाणिअ’ झाले आणि मराठीत ‘पाणी’. म्हणजे जी वस्तू आपण सर्वांत मूलभूत मानतो तिचे नाव मुळात विशेषण आहे. दोन स्वरांमधला न मराठीने, गुजरातीने, राजस्थानीने ण केला. हिंदीने तो न ठेवला. आमच्या सीमाभागातल्या बोलीत ‘पानी’च ऐकू येते आणि मराठी घरांतली मुले उत्तरपत्रिकेतही सर्रास ‘पानी’ लिहितात. त्या लमाण मुलीने मात्र ण लिहिला होता, कारण तिच्या गोरबोलीत तो जिवंत आहे. हे मला त्या वेळी दिसलेही नाही.

समासात शिरताना हा शब्द आपला शेवटचा ईकार टाकतो : पाणवठा, पाणपोई, पाणलोट, पाणथळ, पाणकोंबडी, पाणबुडी. त्याच ओळीत ‘पाणउतारा’ बसतो. ण आणि उ यांचा येथे संधी होत नाही, ‘पाणोतारा’ असे आपण म्हणत नाही. कारण हा संस्कृताच्या टाकसाळीतला नव्हे, घरचा शब्द आहे. ‘कानउघाडणी’तही तसेच उघडे दोन स्वर शेजारी राहतात. या कानउघाडणीकडे पुढे यायचे आहे.

‘उतारा’ मात्र फसवा शब्द आहे. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा, पाठ्यपुस्तकातला उतारा, विंचवाच्या विषावरचा उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला भाकरी-लिंबाचा उतारा. एकाच शब्दाची इतकी रूपे. सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘तॄ’ हा धातू आहे, तरून जाणे. त्यातूनच तीर्थ, त्यातूनच अवतार. ‘उत्’ लागून झालेल्या ‘उत्तरति’चा जुना अर्थ पाण्यातून वर येणे, पैलतीरी पाय टेकणे. नावेतला माणूस काठावर येतो तेव्हा तो पाण्याच्या दृष्टीने वर येतो आणि नावेच्या दृष्टीने खाली येतो. भाषेने पुढे नावेची बाजू घेतली आणि ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे झाले. रेल्वेच्या प्रवाशांना मराठीत अजून ‘उतारू’ म्हणतात, मग ते गाडीत चढत का असेनात.

माझ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी असा तर्क मांडला होता की पाणउतारा हा दृष्ट काढण्याच्या विधीतून आला असावा. माणसावरून पाणी ओवाळून टाकतात, तो उतारा. तर्क चतुर आहे, पण टिकत नाही. विधीत ज्याच्यावरून उतरवतात त्याची पीडा जाते, त्याचे भले होते. पाणउताऱ्यात ज्याचे उतरते तो कमी होतो. शिवाय ‘त्याचा पाणउतारा केला’ या प्रयोगातली षष्ठी स्पष्ट सांगते की पाणी त्याचे आहे, त्याच्यावरून ओवाळलेले नाही.

मग प्रश्न राहतो तो एवढाच : माणसाजवळ असे कोणते पाणी असते, जे उतरवता येते?

याचे उत्तर सोनाराच्या आणि लोहाराच्या दुकानात आहे. मोत्याला पाणी असते. हिऱ्याला असते, पारखी हिरा उजेडात धरून त्याचे पाणी बघतो, आणि दक्षिणेतल्या खाणींमधून हिरे नेणारे युरोपातले जवाहीरही आपापल्या भाषांत हिऱ्याच्या ‘पाण्या’चीच प्रत ठरवीत. तांब्याच्या बांगडीला सोन्याचे पाणी देतात. विळ्याला, कुऱ्हाडीला, तलवारीला पाणी देतात किंवा पाजतात : तापवून लाल झालेले पाते पाण्यात बुडवले की त्याला कडकपणा येतो, धार राहते. या सर्व ठिकाणी पाणी म्हणजे वस्तूचा मूळ पदार्थ नव्हे, तर तिला मोल देणारी चमक किंवा ताकद. आणि हे पाणी जाऊ शकते. मुलाम्याची बांगडी वर्षभर भांडी घासली की फिकी पडते. जुना मोती निस्तेज होतो. पुन्हा आगीत पडलेल्या कोयत्याचे पाणी उतरते. तो कोयता दिसतो तसाच, पण उसाच्या कांड्यावर वाकतो.

माणसाबद्दल बोलताना मराठीने हेच पाणी जसेच्या तसे उचलले आहे. करारी माणूस पाणीदार असतो. त्याचे पाणी जोखावे लागते. प्रसंग आला की तो आपले पाणी दाखवतो. (तोंडचे पाणी पळणे आणि एखाद्याला पाण्यात पाहणे यांतले पाणी वेगळे, ते येथे मिसळू नये. पाणी पाजणे म्हणजे पराभव करणे, यातले पाणी कोणते, याविषयी माझा स्वतःचा निर्णय होत नाही.) तेव्हा पाणउतारा म्हणजे माणसाची ही चमक, हा ताव चारचौघांत खाली आणणे. मुलाम्याची बांगडी आणि मऊ पडलेला कोयता, दोन्ही चित्रे त्या शब्दात आहेत.

आता जरा गुंतागुंतीचा भाग. पाण्याला ‘तेज’ आणि ‘प्रतिष्ठा’ हा अर्थ आला कोठून? फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि तोच शब्द रत्नाच्या झळाळीलाही, तलवारीच्या धारेलाही, मानमरातबालाही. ‘रू’ म्हणजे चेहरा. ‘आब-रू’ म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. आपली ‘अब्रू’ ती हीच. ‘आब राखणे’ हा प्रयोगही आपण रोज करतो, त्यात पाणी आहे हे विसरून. अकबराच्या दरबारातला आणि पुढे बरीच वर्षे दख्खनच्या मोहिमांत घालवलेला अब्दुर्रहीम खानखाना याचा पाण्यावरचा दोहा शाळेत हिंदी शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्यात एकाच ‘पानी’ शब्दाचे तीन अर्थ खेळवले आहेत : मोत्याची झळाळी, माणसाची इभ्रत आणि पीठ मळायला लागणारे पाणी. फारसी आणि देशी, दोन्ही भाषांत मुरलेल्या कवीलाच तो खेळ सुचावा, हे स्वाभाविक आहे.

बिदरच्या माणसाला हे सारे आपल्या अंगणात घडल्यासारखे वाटते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहामनी सुलतान अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. महमूद गावानचा मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला आणि इराणपर्यंतचे विद्वान येथे येऊ लागले. दप्तरात फारसी आणि गावगाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू अशी व्यवस्था पुढे शतकानुशतके चालली. निजामाच्या काळात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि ती १९४८ पर्यंत राहिली. अशा प्रदेशात ‘आब’चे भाषांतर ‘पाणी’ होणे आणि ‘आब उतरणे’चे ‘पाणी उतरणे’ होणे अगदी शक्य आहे.

परंतु सगळे पाणी इराणातून आले असे मानायला मी तयार नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, खड्गलक्षणाचा एक अध्याय आहे आणि त्यात ‘शस्त्रपान’ सांगितले आहे : शस्त्राला कोणते द्रव पाजावेत, कोणत्या हेतूने. शस्त्र पाणी पिते आणि त्यामुळे शस्त्र होते, ही कल्पना आपल्याकडे बहामनींच्या आठशे-नऊशे वर्षे आधीची आहे. माझे मत असे की लोहाराचे पाणी येथलेच, चेहऱ्याचे पाणी फारसीतले, आणि मराठीत दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळून गेले. ‘अब्रू’ हा शब्द आपण उसना घेतला. ‘पाणउतारा’ आपण घरी घडवला, पण घडवताना शेजारच्याचा साचा डोळ्यांसमोर होता.

मी ही मांडणी सहकाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांनी कन्नडचे पान टाकले. कन्नडमध्ये ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘इळिसु’ म्हणजे उतरवणे. आणि एखाद्याची रग जिरवणे, त्याला खजील करणे याला ‘नीरिळिसु’ म्हणतात. शब्दशः पाणउतारा! मी आनंदाने टेबलावर हात मारला. ते शांतपणे म्हणाले, “थांबा. आम्ही ‘बेवरिळिसु’ असंही म्हणतो. बेवरु म्हणजे घाम. मंत्री आला, अधिकाऱ्यांना बेवर इळिसला, असं रोज पेपरात येतं. मग नीरिळिसुमधलं पाणी अब्रूचं कशावरून? घामाचं का नाही?”

ही शंका मला अजूनही महत्त्वाची वाटते. रागावलेल्या वरिष्ठासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरून घाम निथळतो, हेही पाणी उतरणेच आहे. मराठीतही ‘घाम फोडणे’ आहे. तरीही मराठी शब्दापुरता मी चमकेचाच पक्ष घेतो, आणि त्याचे कारण प्रयोगात आहे. ज्याला घाम फुटला तो घाबरलेला असतो. घाम पुसला की संपते. पाणउतारा झालेला माणूस घाबरलेला असेलच असे नाही. त्याच्यातून काही तरी निघून गेलेले असते, आणि ते पुसल्याने परत येत नाही. कन्नडमध्ये कदाचित दोन्ही पाणी एकत्र वाहत असतील. त्याचा निवाडा कन्नडच्या अभ्यासकांनी करावा.

याच सुमारास इंग्रजीच्या प्राध्यापकांना हॅम्लेट शिकवायचे होते. त्यांच्या त्या प्रसिद्ध स्वगतात, जगण्यातली दुःखे मोजताना, गर्विष्ठ माणसाकडून वाट्याला येणारी ‘कॉन्ट्युमेली’ असा एक शब्द येतो. आजच्या इंग्रजीत तो कोणी बोलत नाही. त्यांनी मला मराठी प्रतिशब्द विचारला. अपमान म्हटले तर फिके, शिवीगाळ म्हटले तर भलतेच. शब्द लॅटिन ‘कॉन्तुमेलिया’चा. रोमन कायदेपंडितांनी तो तुच्छ लेखणे या अर्थाच्या धातूकडे नेला होता. आधुनिक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध बहुधा फुगणे या अर्थाच्या धातूशी लावतात. अपमान करणारा फुगलेला असतो, असा काहीसा त्याचा भाव. रोज वापरात असलेला ‘इन्सल्ट’ हा अंगावर उडी घेणे यातून आला, तर ‘अफ्रंट’मध्ये कपाळ आहे, तोंडावर मारणे. एकंदरीत युरोपातल्या या शब्दांचे लक्ष अपमान करणाऱ्याच्या हालचालीकडे आहे : तो फुगतो, तो झेप घेतो, तो मारतो.

संस्कृतातून आलेले आपले शब्द पाहिले तर त्यांत दिशा दिसतात. अपमान आणि अवमान यांतला ‘मान’ हा ‘मन्’ धातूचा, मानणे याचा; ‘अप’ म्हणजे दूर, ‘अव’ म्हणजे खाली. कोणाला दूर मानणे, खाली मानणे. तिरस्कार म्हणजे आड सारणे, नजरेआड करणे. अधिक्षेप म्हणजे वर फेकणे, अंगावर टाकणे. (मान खाली घालणे यातली मान मात्र निराळी, ती ‘मन्या’ म्हणजे मानेची शीर यावरून आली, तरी सन्मानाची मान आणि गळ्यावरची मान मराठीत एकरूप झाल्या हा योगायोग शिक्षकाला फार उपयोगी पडतो.) अरबी-फारसीकडून आलेल्या शब्दांची तऱ्हा आणखी वेगळी. उर्दूतल्या ‘हतक’चा मूळ अर्थ फाडणे, पडदा फाडणे. फजिती ही अरबी ‘फजीहत’, म्हणजे झाकलेले उघडे पडणे. ‘नामूस’चा प्रवास तर वाचकांनी आवर्जून पाहावा. ग्रीक ‘नोमोस’ म्हणजे कायदा, रीत. तो अरबीत ‘नामूस’ झाला. फारसीत त्याचा अर्थ घराण्याची इज्जत असा स्थिरावला. आणि मराठीत पोहोचेपर्यंत ‘नामुष्की’ आणि ‘नामोशी’ म्हणजे नेमकी इज्जत जाणे! शब्द इतका दमला की उलटा झाला.

इंग्रजीच्या प्राध्यापकांना मी अखेर ‘पाणउतारा’ सुचवला. त्यांना तो जास्त घरगुती वाटला. त्या निमित्ताने मी त्यांना गोपाळ गणेश आगरकरांची आठवण करून दिली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केसरी आणि मराठा या पत्रांतून झालेल्या आरोपांवरून टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या तुरुंगवासात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतरावर काम केले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या अब्रूचे पाणी उतरवल्याच्या आरोपाखाली कोठडीत बसलेला माणूस, अपमानाची यादी करणाऱ्या त्या स्वगताला मराठीत आणत होता. मराठी गद्याच्या इतिहासात इतका अचूक योग फार थोडे असतील.

‘अब्रुनुकसानी’ हा शब्दही जरा थांबून पाहण्यासारखा. आब फारसी, रू फारसी, नुकसान अरबी. आणि तरी तो आपल्या कोर्टकचेरीचा अस्सल मराठी शब्द. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. माधव जूलियन यांनी आधी, १९२५ मध्ये, फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि नंतर ते स्वतःच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. पण कोणी अब्रूला हात लावू शकले नाही. मानहानी, बेअब्रू, अप्रतिष्ठा सगळे शेजारी शेजारी नांदतात.

कायद्याच्या भाषेचा येथे उपयोग आहे तो वेगळ्या कारणासाठी. अब्रुनुकसानी पाठीमागे होऊ शकते. वर्तमानपत्रातून, पत्रातून, ज्याची होते तो गावात नसतानाही. अपमान बंद खोलीत, दोघांतही होतो. पाणउताऱ्याला मात्र समोरासमोर बसलेले प्रेक्षक लागतात. ‘त्याने मला पत्र लिहून माझा पाणउतारा केला’ हे वाक्य मराठी कानाला खटकते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यात हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाचे कलम आहे, आणि तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा, असे त्यात म्हटले आहे. अपमानाला साक्षीदार मिळाले की त्याचा पदार्थच बदलतो, हे कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक होते. मराठीने त्यासाठी आधीच एक वेगळा शब्द ठेवला होता.

पण या शब्दाची एक अडचणीची बाजूही आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. जुन्या गोष्टींत, कादंबऱ्यांत, घरगुती बोलण्यात पाणउतारा कोणाचा होतो ते पाहा. सरदाराचा होतो, जावयाचा होतो, शास्त्रीबुवांचा, पाटलाचा, फौजदाराचा होतो. मोलकरणीला बोलले तर तिला ‘बोलणी बसतात’. सालगड्याला ‘शिव्या पडतात’. त्यांचा पाणउतारा झाला असे म्हणायची पद्धत नव्हती, कारण त्यांच्याजवळ उतरवण्यासारखे पाणी आहे हेच कोणी धरले नव्हते. ज्या समाजात काही माणसांना पाणवठ्यावर हातही लावू देत नसत आणि वरून ओंजळीत पाणी ओतत, त्या समाजाने प्रतिष्ठेला ‘पाणी’ म्हणावे, हे मला एके काळी केवळ अलंकारिक वाटे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. तेथे पाण्याचे दोन्ही अर्थ एका ओंजळीत होते, असे आता वर्गात सांगताना मला शब्दार्थाच्या पलीकडे काही जोडल्यासारखे वाटत नाही.

आता ती कानउघाडणी. कान उघडणे म्हणजे ऐकायला लावणे. त्यात ऐकणाऱ्याचे हित गृहीत आहे. मी जवळजवळ तीस वर्षे शिकवतो आहे. या काळात कोणत्याही शिक्षकाने ‘मी विद्यार्थ्याचा पाणउतारा केला’ असे म्हटलेले मी ऐकले नाही. सगळे कानउघाडणीच करतात. खरडपट्टी काढली, हजेरी घेतली, चांगला तासला, फार तर बिनपाण्याने केली, असे अभिमानाने सांगतात. (बिनपाण्याने हजामत! येथेही पाणी आहेच, नसण्याने.) ‘पाणउतारा’ हा शब्द नेहमी दुसऱ्या टोकाकडून येतो. एकाच घटनेला करणारा एक नाव देतो आणि ज्याचे होते तो दुसरे. मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंत कोशकारांनी आपल्या भाषेसाठी फार मोठे काम केले, पण शब्द कोणत्या बाजूने उच्चारला जातो हे नोंदवायला कोशात रकाना नसतो.

आमच्या भागात उन्हाळ्यात अजूनही पाणी लांबून आणावे लागते. डोक्यावर दोन घागरींची चळत घेऊन येणाऱ्या बाईला ती एकटीने उतरवता येत नाही. मान लचकते, पाणी सांडते. म्हणून ती दारातून हाक मारते आणि घरातले कोणी तरी धावत येऊन दोन्ही हातांनी वरची घागर उतरवून घेते. तांड्यावर हे काम बहुधा मुलींकडे असते. पहिल्यांदा ते समोर पाहिले तेव्हा मला तिचे वाक्य आठवले. पाण, उतारा, षष्ठी, क्रियापद. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात कोठेही बोट ठेवायला जागा नव्हती. शब्द ऐकलेला नसताना त्याच्या अवयवांवरून अर्थ लावायचा, हेच तर आम्ही त्यांना शिकवत होतो. तिने ते केले होते. रूढीने दिलेला अर्थ तिला माहीत नव्हता, इतकेच. तो मी त्या दिवशी वर्गात, उदाहरणासह, शिकवला.

पुढच्या चाचणीत, थोडे मुद्दाम, मी तोच वाक्प्रचार पुन्हा घातला. वर्गातल्या बहुतेकांनी तो बरोबर लिहिला. तिची उत्तरपत्रिका मी शेवटी काढली. चार वाक्प्रचार अर्थासह, वाक्यासह, सुवाच्य अक्षरात बिनचूक होते. पाचव्यासमोर तिने फक्त क्रमांक लिहिला होता आणि ओळ कोरी ठेवली होती.